सतरा माणकांचा धनी

रायपूरच्या घडी चौकात उभं राहून कुणाला तरी वेळ विचारून बघा. माणूस आधी तुमच्याकडे बघतो, मग वर चौकातल्या घड्याळाकडे, आणि मग पुन्हा तुमच्याकडे, जरा काळजीनं. चौकाचं नावच घडी चौक. तिथली नगरघडी नुसती वेळ दाखवून गप्प बसत नाही, तासाचे ठोके देण्याआधी छत्तीसगढी लोकधूनही ऐकवते. उरलंसुरलं काम खिशातला मोबाइल करतो. अशा गावात स्वतःच्या खर्चानं रोज चावी द्यावी लागणारं घड्याळ मनगटावर बांधून हिंडणारा माणूस एकतर फार मोठा रसिक असतो, नाहीतर त्याला त्याच्या आतेभावानं कुठल्यातरी मुंजीत गाठलेलं असतं.

मला पुण्यात गाठलं होतं. मातृभोजन आटोपून मंडळी सुपारी कातरत बसली होती. आतेभावानं बाही दोन बोटं वर केली, मनगट सगळ्यांच्या मधोमध आणलं आणि म्हणाला, "यात बॅटरी नसते." हे वाक्य त्यानं अगदी 'आमच्यात कांदा-लसूण चालत नाही' या चालीवर म्हटलं. घड्याळ स्विस होतं, ऑटोमॅटिक होतं आणि त्याला पाठीमागून काच होती. आत एक अर्धगोल पाळं हात हलला की गरगरायचं आणि स्प्रिंग आपोआप गुंडाळली जायची. मंडळी एकेक करून दर्शन घेऊन गेली. माझी पाळी आली तेव्हा मी माझं स्मार्ट घड्याळ बाहीत ढकललं. ते नेमकं तेव्हाच थरथरलं आणि त्यानं मला सर्वांदेखत कळवलं की तुम्ही बराच वेळ बसून आहात, आता जरा उठून चाला.

संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. तिथं कपाटात एक काळी पेटी होती आणि तिच्यात ते घड्याळ एका उशीला बांधून आपोआप गोल गोल फिरत होतं. "हातात नसलं की दीड-दोन दिवसांत बंद पडतं ना," आतेभाऊ म्हणाला, "म्हणून हा वाइंडर." पेटीची वायर भिंतीतल्या सॉकेटमध्ये गेली होती. ज्याला बॅटरी लागत नाही म्हणून दुपारी एवढा मान मिळाला, ते घड्याळ रात्री महावितरणच्या जिवावर चालत होतं. हे माझ्या लक्षात आलं, पण तोवर उशीर झाला होता. मला लागण झालेली होती.

खरं सांगायचं तर चावीचं घड्याळ वेळ बघण्यासाठी कुणीच घेत नाही. चारचौघांत कुणीतरी आपल्याला वेळ विचारावी, आपण सावकाश बाही वर करावी, क्षणभर डायलकडे बघावं आणि मग उत्तर द्यावं, त्यासाठी ते घ्यायचं असतं. त्या मधल्या क्षणाला किंमत असते. मला तो क्षण हवा होता.

शिवाय घरात एक रिकामी डबी होती. बाबांना लग्नात सासऱ्यांनी एचएमटी दिली होती. त्या काळी जावयाला सायकल, रेडिओ आणि एचएमटी दिली की मुलीचा बाप छाती काढून चालायला मोकळा. बाबांच्या पश्चात वाटणी झाली. घड्याळ थोरल्याला मिळालं आणि मला ज्या डबीत ते आलं होतं ती डबी. भावाचं म्हणणं, डबीसुद्धा ओरिजिनल आहे. ती इतकी वर्षं मी सांभाळली, तिच्यात बटणं ठेवली आणि अधूनमधून तिच्याकडे बघून मनातल्या मनात थोरल्याचा उद्धार केला.

स्विस घ्यायचं म्हणजे आमच्या पगारात फक्त पट्टा येतो. त्यामुळे एचएमटीच घ्यायची ठरली, आणि त्यात कमीपणा कसला? हिंदुस्तान मशीन टूल्सनं जपानच्या सिटिझनशी हात मिळवून १९६१ साली बंगळुरात मनगटी घड्याळं बनवायला घेतली, तेव्हापासून पुढची पंचवीसेक वर्षं या देशानं वेळ पाळली किंवा पाळली नाही ती एचएमटीकडे बघूनच. जनता, पायलट, सोना, कोहिनूर, कांचन. देवनागरी आकड्यांची डायलसुद्धा निघत. मग १९८७ मध्ये टायटनची क्वार्ट्झ घड्याळं बाजारात आली, सेलवर चालणारी, पातळ आणि चावी न मागणारी, आणि जावई बदलले. २०१६ च्या जानेवारीत केंद्र सरकारनं एचएमटीचा घड्याळांचा धंदा बंद करायचा निर्णय घेतला आणि ज्यांनी आपापली एचएमटी मोलकरणीच्या नवऱ्याला देऊन टाकली होती ते सगळे एका रात्रीत तिच्या आठवणींनी व्याकूळ झाले. मीही झालो. नवी मिळत नव्हती, म्हणून एका विक्रेत्याकडून जुनी मागवली. पायलट, काळी डायल, 'सर्व्हिस केलेली, नव्यासारखी'.

आली तेव्हा ती खरंच नव्यासारखी होती. पन्नास वर्षांच्या घड्याळानं इतकं तुकतुकीत असणं मला खटकायला हवं होतं. ते खटकलं आमच्या शेजारच्या गार्डकाकांना. काका रेल्वेत गार्ड होते, रायपूर-नागपूर मार्गावर जन्म गेला, सेकंदाचा हिशेब अंगात भिनलेला. त्यांनी भिंग आणलं, घड्याळ उजेडात धरलं आणि बराच वेळ गप्प राहिले. डॉक्टर एक्स-रे बघताना असे गप्प राहिले की नातेवाईक खुर्चीच्या कडेला येतात. तसा मी आलो.

"डायल पायलटची म्हणून छापलेली. अक्षरं बघ कशी लुळी पडलीत. काटे कोहिनूरचे असावेत. केस निराळीच. आतली मशीन बहुतेक जनताची." काकांनी भिंग खाली ठेवलं. "याला मुंबई स्पेशल म्हणतात. चार मेलेल्या घड्याळांतून एक जिवंत करतात आणि तोंड रंगवून पाठवतात."

"पण चालतंय ना?"

"कडबोळ्याचं सरकार पण चालतंच," काका म्हणाले.

घरात हे कळू न देता मी घड्याळाची जमेची बाजू मांडायला घेतली. डायलवर बारीक अक्षरांत '१७ ज्युएल्स' लिहिलेलं असतं ते बायकोला दाखवलं. "आत सतरा माणकं आहेत," मी म्हणालो. आमची ही गिरगावची. रायपुरात येऊन पंचवीस वर्षं झाली तरी गिरगावातल्या सराफाचा भाव तोंडपाठ. तिनं पहिल्यांदाच घड्याळ हातात घेतलं.

"सतरा? मग कानातल्या कुड्या होतील की."

मग मला खुलासा करावा लागला. माणकं खरीच, म्हणजे त्याच द्रव्याची, पण कारखान्यात तयार केलेली. चाकांच्या बारीक आसांना टेकायला कठीण आणि गुळगुळीत जागा लागते, तेल कमी खावं, झीज होऊ नये म्हणून. मोहरीपेक्षा लहान, आणि भोक पाडलेली.

"किंमत?"

"तशी काही नाही."

तिनं घड्याळ परत दिलं. पण शब्द घरात राहिला. तेव्हापासून मी सतरा माणकांचा धनी झालो. "धनी, दूध नासलंय." "धनी, गॅसवाल्याचा फोन." मराठी माणसाला वैभव कधी शांतपणे उपभोगू देत नाहीत.

चावी देणं मात्र मला मनापासून आवडलं, ते आजही आवडतं. सकाळी चहाआधी घड्याळ हातात घ्यायचं, अंगठा आणि तर्जनीत चावी धरायची, पुढं-मागं, पुढं-मागं. आधी सैल लागते. मग आत स्प्रिंग ताण घेऊ लागते आणि बोटाला ते कळतं. शेवटी एका जागी चावी ठाम नाही म्हणते. तिथं थांबायचं, जबरदस्ती करायची नाही. त्या ताणावर घड्याळ दीड दिवस चालतं. घरातलं बाकी सगळं, मिक्सर, टीव्ही, वायफाय, मुलगा, कशावर चालतं हे मला माहीत नाही. हे एक माझ्या बोटांवर चालत होतं. चालत म्हणजे, मागे पडत.

दिवसाला साडेतीन मिनिटं. विक्रेत्यानं 'सर्व्हिस' बहुधा फक्त डायलचीच केली होती. मी गणित मांडलं. या मशीनचं झुलतं चाक सेकंदाला पाच ठोके देतं, तासाला १८,०००, दिवसाला ४,३२,०००. साडेतीन मिनिटं म्हणजे त्यातले हजारभर ठोके कमी. सव्वाचार लाखांवर ठोक्यांत हजार चुकले, म्हणजे पावणेशंभर टक्क्यांच्याही वर मार्क. शाळेत गणितात मला याच्या निम्मे पडले असते तर वडिलांचं घड्याळ थोरल्याला गेलं नसतं. आता, फुटपाथवरच्या क्वार्ट्झ घड्याळातला स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा कंप पावतो आणि ते घड्याळ महिन्यात पंधराएक सेकंद इकडे-तिकडे होतं, ही गोष्ट खरी आहे. पण त्याला ठोके कोण म्हणेल? ती नुसती थंडी वाजणं झालं.

तरीही ऑफिसला रोज तीन मिनिटं उशीर दिसायला लागला तेव्हा काहीतरी तात्त्विक बैठक लागणार होती. ती मला भूगोलानं दिली. भारतीय प्रमाणवेळ ८२ अंश ३० मिनिटं रेखावृत्तावरून ठरते. लोक मिर्झापूरचं नाव घेतात, पण ती रेषा आमच्या छत्तीसगढातूनही जाते, बिलासपूर आणि चांपा यांच्यामध्ये रुळांना ओलांडून. रायपूर त्या रेषेच्या पश्चिमेला. एका अंशाला चार मिनिटं या हिशेबानं रायपूरचा सूर्य प्रमाणवेळेच्या साधारण साडेतीन मिनिटं मागे. म्हणजे माझं घड्याळ चुकत नव्हतं. ते रायपूरची अस्सल, सौर, स्थानिक वेळ दाखवत होतं आणि बाकीचं शहर १ जानेवारी १९०६ पासून चांपाच्या वेळेवर मुकाट जगत होतं. मुंबईकरांनी नाही का प्रमाणवेळेला हरकत घेतली? मुंबईची वेळ प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे, आणि तिथल्या महापालिकेनं ती कित्येक वर्षं सोडली नाही. त्यांना ३९ मिनिटं चालतात आणि मला साडेतीनसुद्धा नाहीत?

हे मी ऑफिसात मांडलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठीक है, पर कल?"

कल ही अडचण होतीच. घड्याळ दुसऱ्या दिवशी आणखी साडेतीन मिनिटं मागे पडे. गार्डकाकांनी कागद ओढला आणि हावडा-मुंबई लाइन डोळ्यांसमोर आणली. "पहिल्या दिवशी तू रायपुरात. दुसऱ्या दिवशी सात मिनिटं मागे, म्हणजे डोंगरगड. तिसऱ्या दिवशी गोंदिया गेलं, तुमसर आलं. चौथ्या दिवशी नागपूर." काकांचा आवाज भरून आला. तोच त्यांचा मार्ग. "मिळवू नकोस, असंच सोडून दे. अकराव्या दिवशी मुंबई."

"मालगाडी लवकर जाते," बायको आतून म्हणाली.

मला मात्र त्यात काहीतरी उदात्त दिसलं. रायपूरची मराठी माणसं भोसल्यांच्या मागोमाग इकडे आली. बिंबाजी भोसले १७५८ मध्ये छत्तीसगढचा कारभार बघायला आले, तेव्हापासून तात्यापाऱ्यात मराठी घरं आहेत असं जुने लोक सांगतात. पिढ्यान् पिढ्या आम्ही 'करून राहिलो, जाऊन राहिलो' म्हणत इथलेच झालो. आणि हे एक घड्याळ, न सांगता, रोज थोडं थोडं पश्चिमेला सरकत होतं. चार घड्याळांचे अवयव असले तरी ओढ एकच होती.

पण साहेबांना ओढ समजत नव्हती. मग कळलं की चावीच्या घड्याळाची चाल ते कसं ठेवलंय त्यावरही बदलते. उभं ठेवलं तर झुलत्या चाकाच्या आसाचं घर्षण वाढतं; पाठीवर, डायल आकाशाकडे करून निजवलं तर बहुतेक घड्याळं जरा जलद चालतात. म्हणजे नीट निजवून थोडीफार चूक भरून काढता येते. हे वाचल्यावर मी घड्याळाच्या झोपेत लक्ष घालू लागलो. बकल बंद असलेला पट्टा घड्याळाला सपाट पडू देत नाही, ते कुशीवर कलंडतं. रुमाल झाला, उशी झाली, वाटी झाली. रात्री उठून मी ते नीट पाठीवर आहे ना बघायचो. मुलगा लहान असताना मी इतक्यांदा उठलो नव्हतो, हे मला लगेच ऐकवण्यात आलं.

शेवटी जागा सापडली. मुलाचा ब्लूटूथ स्पीकर. गोल, बसका, वर जाळी आणि जाळी मध्ये किंचित खोलगट. घड्याळ त्यात असं बसलं की जणू त्याच्याचसाठी बनवलं होतं. खालून एक निळा दिवा लागायचा त्यामुळे काळी डायल विलक्षण रुबाबदार दिसे. वर हळू आवाजात भीमसेन लावले की घड्याळही समाधानी वाटायचं. या सुंदर योजनेचा पहिला प्रयोग मी एका रविवारी दुपारी केला. आम्ही दोघांनीही वामकुक्षी घेतली, मी पलंगावर आणि घड्याळ स्पीकरवर.

त्याच संध्याकाळी वस्तीतल्या गणेशोत्सवात मुलांची वक्तृत्व स्पर्धा होती आणि मी तिचा वेळाधिकारी होतो.

हे पद मी मिळवलं होतं. मंडळाच्या बैठकीत चिटणीस म्हणाले, "वेळ बघायला कुणी हवं," आणि मी बाही वर केली. शब्दशः. कुणाला नाही म्हणायला सुचलं नाही. ज्या क्षणासाठी एवढा खर्च केला तो आता दर पाच मिनिटांनी येणार होता. मला एक टेबल मिळालं, एक पितळी घंटा मिळाली. मी घड्याळ काढून हिरव्या टेबलक्लॉथवर ठेवलं, कसोटी सामन्यात खेळपट्टी बघणाऱ्या पंचासारखा वाकलो आणि सभेकडे बघून मान हलवली. दुपारी उठल्यावर ते थोडं पुढे गेलेलं दिसलं होतं, पण मला वाटलं निजवण्याचा गुण आला. मोबाइलशी मिळवून घेऊन आलो होतो.

विषय होता माधवराव सप्रे. रायपुरातल्या मराठी मुलांना हा विषय हमखास येतो आणि यावाच. मराठी माणूस, पण १९०० साली पेंड्र्याहून 'छत्तीसगढ मित्र' हे हिंदी मासिक काढलं. पुढं १९०७ मध्ये नागपूरहून 'हिंदी केसरी', मग राजद्रोहाखाली अटक, मग समर्थांचा दासबोध आणि टिळकांचं गीतारहस्य हिंदीत आणलं. भाषणाला पाच मिनिटं. चौथ्या मिनिटाला एक घंटा, पाचव्याला दोन, आणि दोन घंटांनंतर माइक बंद. मुलांच्या घरी हे पाच मिनिटांचं गणित महिनाभर घोटलेलं असतं. आई समोर मोबाइल धरून बसते आणि गीतारहस्यावर चार मिनिटं पन्नास सेकंद झाले की मुलानं नमस्कार करायचा.

पहिली मुलगी जन्मापासून सुरू झाली. पेंड्र्याला पोचली, 'छत्तीसगढ मित्र' काढलं, 'एक टोकरी भर मिट्टी' ही कथा लिहिली, तोवर मी पहिली घंटा दिली. ती चपापली, पण वेग वाढवून बोलू लागली. नागपूरला जायला निघाली एवढ्यात माझ्या दोन घंटा झाल्या. माइकवाल्यानं कळ दाबली. सप्रे पेंड्र्यातच राहिले.

दुसरा मुलगा, तिसरी मुलगी, चौथा, सगळ्यांचं तेच. कुणाचाच सप्रे 'हिंदी केसरी'पर्यंत पोचेना. इंग्रज सरकारला ज्यांना पकडायला १९०८ उजाडावं लागलं त्यांना मी १९०१ मध्येच रोखून धरत होतो. परीक्षकांच्या चेहऱ्यावर प्रश्नचिन्ह उमटलं, मी मात्र त्यांच्याकडे बघून सहानुभूतीनं खांदे उडवले. आजकालच्या मुलांना वेळेचं भान नाही, असं शेजारच्या खजिनदारांच्या कानात म्हणालोही.

पाचव्या स्पर्धकाची आजी उठली. नऊवारी, हातात काठी आणि दुसऱ्या हातात मोबाइल, त्यावर स्टॉपवॉच. "चार मिनिटं सतरा सेकंद," आजी म्हणाल्या. "माझ्या नातवाचं भाषण चार मिनिटं सतरा सेकंदांत बंद पाडलंय. मी रोज लावून बघते. घड्याळ दाखवा."

आता मंडपात काय झालं ते थोडक्यात सांगतो, कारण ते अजून लोक मला सविस्तर सांगतात. आजींचा मोबाइल आणि माझी पायलट हिरव्या टेबलक्लॉथवर शेजारी ठेवण्यात आली. भोवती रिंगण झालं. मुलं खुर्च्यांवर चढली. गार्डकाकांनी हिरवा झेंडा दाखवावा तसा रुमाल हलवला. मोबाइल एका मिनिटावर पोचला तेव्हा माझा सेकंदकाटा बारावरून पुढं जाऊन दोनच्या आकड्याला टेकला होता. साठ सेकंदांत सत्तर. पुन्हा केलं. पुन्हा सत्तर. काकांनी माझ्याकडे बघितलं आणि हळू आवाजात, रेल्वेच्या अपघाताच्या चौकशीत बोलावं तसं बोलले:

"हे आता मुंबईला जात नाहीये. उलट दिशेनं सुटलंय. तासाला दहा मिनिटं. या वेगानं सव्वादोन तासांत हावडा."

स्पर्धा पहिल्यापासून पुन्हा घेतली. वेळ आजींनी बघितली. यावेळी पाचही सप्रे तुरुंगात जाऊन, सुटून, गीतारहस्य पुरं करूनच खाली बसले. तोवर मोदक गार झाले होते आणि उकडीच्या मोदकाला गार होण्यासारखी शिक्षा नाही. ती मी एकट्यानं केली असं समजून सगळ्यांनी मला वाढलं.

दुसऱ्या दिवशी मी गोलबाजाराजवळच्या एका दुरुस्तीवाल्याकडे गेलो. फळीएवढं काउंटर, वर पिवळा दिवा, डोळ्याला भिंग अडकवलेला म्हातारा माणूस. त्यानं घड्याळ कानाला लावलं आणि लगेच खाली ठेवलं. ड्रॉवरमधून एक छोटं होकायंत्र काढलं, मुलं कंपासपेटीत ठेवतात तसलं, आणि घड्याळाजवळ नेलं. सुई घड्याळाकडे झपकन वळली.

"चुंबक धर ले हे," तो म्हणाला. मग भिंगाचा डोळा माझ्याकडे करून, "एला रात के कहाँ रखथव, बाबूजी?"

"स्पीकर ऊपर."

तो हसला नाही, हे त्याचे उपकार. "गाना सुनाथव का एला?"

स्पीकरच्या जाळीखाली, बोटभर अंतरावर, चांगलं जाडजूड चुंबक असतं. तेवढ्यासाठीच तो स्पीकर असतो. मी घड्याळ त्याच्यावर नेमकं मधोमध निजवलं होतं.

त्यानं पाठ उघडली आणि मला भिंग दिलं. हे आधी कुणी केलं असतं तर मी आतेभावाकडे ढुंकून बघितलं नसतं. पितळी चाकांच्या गर्दीत एक गोल चाक एकदा इकडे, एकदा तिकडे झोके घेत होतं, न थांबता. त्याच्या पोटात केसाहून बारीक स्प्रिंग वेटोळं घालून बसली होती आणि श्वास घ्यावा तशी उघडमिट करत होती. दुरुस्तीवाल्यानं चिमट्याचं टोक तिच्यावर आणलं. वेटोळ्याचे दोन पदर एकमेकांना चिकटले होते. लोह चुंबकीय झालं की पदर चिकटतात, स्प्रिंगची लांबी तेवढी कमी होते आणि चाक आखूड, घाईचे झोके घेऊ लागतं. बाकी सगळं यंत्र बिचारं त्या घाईमागून धावतं. मी बघत राहिलो. कडेला गुलाबी ठिपके होते, तेलानं चमकत. माझी माणकं. ती डायलवर नुसती छापलेली नव्हती, खरीच होती, हे पाहून मला घरी फोन करावासा वाटला, पण मी केला नाही.

औषध फारच साधं निघालं. एक निळी प्लास्टिकची डबी, तिला एक बटण. त्यानं घड्याळ तिच्यावर धरलं, बटण दाबलं, आणि दाबलेलंच ठेवून घड्याळ सावकाश वर, आणखी वर, हाताच्या उंचीपर्यंत नेलं. बस. होकायंत्र पुन्हा जवळ आणलं, सुई ढिम्म. ज्या रोगानं पाच सप्रे पेंड्र्यात अडकले त्याचा इलाज मटार सोलायच्या वेळेपेक्षा कमी वेळात झाला. मागे पडण्याचं कारण वेगळं होतं: आत जुनं तेल सुकून चिकट झालं होतं. ते धुऊन नवं घालायला घड्याळ त्यानं आठवडाभर ठेवून घेतलं. जाता जाता मी सहज विचारलं की मशीन कुठली आहे. "जनता," तो म्हणाला. "मशीन अच्छी है. बाकी सब धोखा है." गार्डकाकांना मी हे सांगितलं नाही, ते फार खूश झाले असते.

त्या आठवड्यात माझी बोटं सकाळी चहाआधी अस्वस्थ व्हायची. मी बाल्कनीतल्या नळाची तोटी उगाच पुढं-मागं केली. बायकोनं बघितलं, काही बोलली नाही. मुलानं स्पीकर परत मागितला आणि तो माझ्या खोलीत पुन्हा आणायचा नाही अशी अट घातली. आतेभावाला मी फोनवर विचारलं की तुझी ती फिरती पेटी, तिच्यात मोटर असते ना, आणि मोटरमध्ये चुंबक. तो म्हणाला, उगाच काहीतरी. पण फोन ठेवायची त्याला घाई झालेली जाणवली.

घड्याळ परत आलं. पट्टा तोच, तोंड तेच रंगवलेलं, पण आतून तुकतुकीत. दुरुस्तीवाल्यानं सांगून ठेवलं होतं, "दिन में दस सेकंड पीछे चलेगी. इससे ज़्यादा मत माँगना, बाबूजी, इसकी उमर है." दहा सेकंद म्हणजे मोठीच बढती. स्विस लोक क्रोनोमीटरचं प्रमाणपत्र देतात त्यालासुद्धा दिवसाला चार सेकंद मागे आणि सहा पुढे एवढी सूट असते. माझ्यात आणि स्वित्झर्लंडमध्ये आता फक्त सहा सेकंदांचं अंतर उरलं होतं.

रात्री जेवताना मी हे घरात जाहीर केलं. गार्डकाकाही होते. त्यांनी ताटाच्या कडेला बोटानं आकडे मांडले: दिवसाला दहा सेकंद, मुंबई ३९ मिनिटं. "न मिळवता सोडलंस तर दोनशे चौतीस दिवस," काका म्हणाले. "म्हणजे आठेक महिन्यांत गिरगाव."

बायकोनं माझ्या पानात भात वाढला. "मग धनी, तुम्ही घड्याळानं पुढं व्हा," ती म्हणाली. "मी मागून गीतांजलीनं येते."